बॉडीला जाणारी केबल

बापू, बिलोलीची ती गाडी माझ्या दारात उभी आहे. तीच, गोल पाठीची, विलायती बनावटीची, पाटलांच्या आजोबांनी निजामाच्या काळात हैदराबादहून आणलेली. नांदेडला आपल्या दुकानात ती यायची तेव्हा तुम्ही हातातलं ट्रकचं काम टाकून आधी साबणानं हात धुवायचे आणि मगच तिच्या बोनेटला हात लावायचे. आता ती एका टेम्पोवर दोरखंडानं बांधून लातूरला आली. केबिनमधून पांढऱ्या मिशीचा एक माणूस उतरला आणि मान तिरकी करून माझ्या दुकानाची पाटी वाचायला लागला. मान तिरकी का करतोय ते मग लक्षात आलं. त्याचा उजवा डोळा मिटलेला होता. बिलोलीच्या त्या लग्नातल्या नवरीचा भाऊ होता तो.

"नांदेडच्या मिस्त्रीची पोरगी तुम्हीच ना?" त्यानं विचारलं. मी हाव म्हणाले आणि पदर खोचून उभी राहिले, कारण मला वाटलं हा भांडायलाच आलाय. इतक्या वर्षांनी का होईना, तुमचा हिशेब माझ्याकडं मागायला आलाय. मी तोंडात शब्द तयार ठेवले होते. पण तो गाडीकडं बघत म्हणाला, "नांदेडात दोघा-तिघांला दावली. कुणी हात लावीना. म्हणले हिचं सगळं उलटं हाय. मग एकजण म्हणला, मिस्त्रीची पोरगी लातुरात दुकान चालवती. ताई, हिची बॅटरी पहिली जशी जोडलेली होती ना, तशी करून द्या. मधी एकानं बदलून टाकली, गाणी वाजवायचा टेप बसवायला. मला तसलं नको. पहिल्यासारखं पाहिजे. अन् शेवटची केबल मी लावणार." मी म्हणाले, तुम्ही कशाला, मी लावून देते की. तो म्हणाला, "न्हाई. मीच. माझ्यानं होतंय का न्हाई ते बघायचंय एकदा." मग माझ्यानं राहवलं नाही. तुमची बाजू मांडायची खाज मला जन्मापासूनची. मी म्हणाले, "भाऊ, काम करते. पण बापूंनी लावलेली लाल पट्टी त्या केबलवर अजून असंल. सापडली की तुम्हाला दाखवते, म्हणजे एकदाचा सोक्षमोक्ष होईल." त्यानं मान हलवली. "असंल की," म्हणाला. अगदी तसंच, दवाखान्यात म्हणाला होता तसं.

तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीच तर मला शिकवलं. जुन्या विलायती गाड्यांची रीत निराळी. आपल्याकडचा ट्रॅक्टर घ्या, जीप घ्या, ट्रक घ्या, बॅटरीची मायनसची केबल बॉडीला जोडलेली असते आणि प्लसची पुढं स्टार्टरला जाते. ह्या गाडीत प्लस बॉडीला. बॉडीला जाणारी केबल म्हणजे मायनस, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ असतं, आणि ह्या एका गाडीपुढं तेच पाठ असणं घातक. म्हणून तर तिथं खूण पाहिजे. लाल म्हणजे प्लस, एवढं कुणालाही कळतं.

त्या दिवशीचं मी बघितलेलं नाही, ऐकलेलंच आहे. उन्हाळ्यातलं लग्न. नवरीला वाटे लावायची वेळ झाली, ओटी भरून झाली, नवरी गाडीत बसली आणि गाडी चालू होईना, नुसती टकटक. ढकलायला अर्धं गाव उभं होतं, पण नवरी बसलेली गाडी ढकलत वेशीबाहेर काढायची नाही असं म्हाताऱ्या बायकांनी सांगितलं. तिला खाली उतरवायचंही नाही, एकदा बसली ती बसली. दोन्हीकडून अडलं. वऱ्हाड घामानं निथळून गेलंय, जावई घड्याळ बघतोय, आणि तेव्हा विशीतला हा भाऊ पळत जाऊन ट्रॅक्टर घेऊन येतो. बोनेट उघडतो. बॅटरीच्या डोक्यावर डांबर आणि ग्रीसचा थर, खूण काही दिसत नाही. तो बॉडीला गेलेली केबल बघतो, तिला मायनस धरतो, ट्रॅक्टरची मायनस तिला लावतो, दुसरा चिमटा टेकवतो, आणि बॅटरी फुटते. आत बसलेल्या नवरीच्या काचेवर ॲसिडचे थेंब. त्याच्या डोळ्यात बाकीचं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घेऊन नांदेडच्या दवाखान्यात गेले. ते मी बघितलं आहे. खाटेवर तो, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, उशाला त्याचे वडील, त्यांच्या फेट्याला अजून लग्नातल्या अक्षता चिकटलेल्या. वडील तुमच्यावर धावूनच आले होते. तुम्ही हलले नाही. शांतपणे म्हणाले, "पाटील, मी माझ्या हातानं प्लसला लाल पट्टी गुंडाळली होती. ह्याला दिसली नाही, त्याला मी काय करू?" खाटेवरून आवाज आला, "असंल. मी घाईत न्हाई बघितली." आणि पाटलांनी तुमच्याकडचं तोंड पोराकडं फिरवलं. "डोळे होते तवा बघितलं न्हाईस." एवढंच बोलले ते. परत येताना तुम्ही मला रिक्षात बसवलं आणि रस्त्यात उसाचा रस पाजला, आणि मी मनात म्हणाले, माझा बाप किती सरळ माणूस आहे, एवढ्या लोकांत आवाज न चढवता खरं बोलला. तेव्हापासून ती लाल पट्टी माझ्या डोळ्यांपुढं आहे, बापू. कुणी त्या लग्नाचा विषय काढला की मी ती लोकांना सांगायची. नवऱ्याला सांगितली, सासूला सांगितली. सासूनं एकदा नुसतं "कोण जाणे बाई" म्हटलं तर मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

तुमची दुसरी सवय मला माहीत नव्हती असं नाही. दुकानात मी नवीन असताना तुम्ही एका ट्रकची केबल मला एकटीला करायला दिली होती. पोरीला कोण शिकवतं हे काम, तुम्ही शिकवलं. शेजारचे टायरवाले हसायचे तर तुम्ही त्यांना म्हणायचे, हसा, तुमचा डायनामो जळला की हिच्याकडंच याल. तर मी ती केबल केली आणि हौसेनं प्लसला लाल टेप गुंडाळली. तुम्ही आले, बघितलं, आणि ब्लेडनं ती लाल टेप कापून काढली. वर काळी गुंडाळली, दोन्ही केबलींवर सारखी. "झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी," तुम्ही म्हणाले. "सगळंच उघडं करून ठेवलं तर गिऱ्हाईक आपल्या दारात परत कशाला येईल? दुसऱ्या मिस्त्रीनं बोनेट उघडलं तर त्याला घाम फुटला पाहिजे." हे तुमच्या हैदराबादच्या उस्तादाचं शिकवणं. उस्ताद हातचा एक राखतो. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, पण पटलंही होतं. फक्त मला वाटायचं, हा कायदा ट्रकवाल्यांपुरता. पाटलांच्या गाडीला तुम्ही हात धुऊन हात लावायचे, तिथं तुम्ही असं कशाला करणार.

काम मी उलटीकडून सुरू केलं. आधी बॅटरी काढून बाहेर ठेवली. मग तो गाण्यांचा टेप काढला, त्याच्या वायरी काढल्या. कॉइलच्या दोन वायरींची अदलाबदल केली, ॲमीटरच्या दोन्ही फिरवल्या. बोनेटच्या आत तुमचा हात जागोजागी भेटत होता, सुती टेपचे सारखे वेढे, कुठं सुरकुती नाही. खरं सांगते, बरं वाटत होतं. तुमच्याबरोबर बसून काम करत असल्यासारखं. फक्त त्या दोन मोठ्या केबलींकडं मी जात नव्हते. नंतरच्या मिस्त्रीनं त्या बदललेल्याच नव्हत्या, फक्त बॅटरी फिरवली होती, आणि जाड क्लॅम्प बॅटरीच्या बारीक खुंटीवर बसेना म्हणून मध्ये शिशाची पट्टी ठोकली होती. म्हणजे केबली तुमच्याच. काळ्या. वरून तरी काळ्याच. मी स्वतःला सांगितलं की लाल पट्टी खालच्या थरात असेल, ॲसिडनं वर काळपटली असेल. चहा प्यायले. दुसऱ्या एका स्कूटरचं काम केलं. मग परत येऊन बसले, आणि तरी आधी डायनामोच उघडला.

शेवटी काल ब्लेड घेतलं. बॉडीला जाणारी केबल, म्हणजे प्लसची. टोकाला तुमची मेणदोऱ्याची गाठ होती, दोन वेढे सरळ आणि एक उलटा. ती गाठ तुम्ही मला सोडून कुणाला शिकवली नाही. शाबूत होती, म्हणजे तुमच्यानंतर ती कुणी सोडलेलीच नव्हती. मी ती कापली. वरचा थर उलगडला, काळा. त्याच्या खालचा, काळा. तोंडातल्या तोंडात मी "असू दे, असू दे" म्हणत होते, काय असू दे ते माझं मलाही ठाऊक नाही. मग टेप संपली आणि खालून लाल निघाली. पट्टी नव्हे. केबलीवरची मूळची लाल नळी, कारखान्यातून आलेली, उन्हात न गेल्यामुळं अजून कुंकवासारखी. गाडी विलायतेतून निघाली तेव्हापासून त्या प्लसला खूण होतीच, बापू. तुम्ही ती झाकली. लाल पट्टी लावली नव्हती एवढंच नाही; होती ती लाल खूण काळ्या टेपखाली पुरली, वर गाठ मारली, आणि मग दवाखान्यात जाऊन दोन्ही डोळे बांधलेल्या पोराला सांगितलं की तुला दिसली नाही.

मी दुकानाच्या फरशीवर बसूनच राहिले. राग आला, आणि राग कुणावर काढायचा तेच कळेना. समोर नुसती टेपची भेंडोळी. मग एक गोष्ट मनात आली, ती तुम्हाला सांगते. माझ्या फळीवर लाल टेपचं रीळ आहे. एक वीत कापायची, त्या नळीवर काळ्याचे वेढे पुन्हा घ्यायचे, टोकाला लाल पट्टी, वर थोडं ग्रीस आणि धूळ चोळायची आणि तुमची ती गाठ मारायची. जगात ती गाठ मारणारी मी एकटीच. तो माणूस एका डोळ्यानं बघणार, मान हलवणार, "असंल" म्हणणार. मी रीळ खाली काढलं. पट्टी कापली. ती बोटाला चिकटवून मी बसले होते आणि तेवढ्यात दारात पायताणं वाजली. तो बिलोलीहून सकाळच्या यष्टीनं निघून, सांगितलेल्या वेळेच्या आधीच येऊन ठेपला होता.

"झालं का?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, होत आलंय. तो जवळ आला, वाकला. "सापडली का पट्टी?" माझ्या बोटावर ती पट्टी होतीच. मी हात पाठीमागं घेतला नाही, पुढंही केला नाही. तो माझ्याकडं बघत नव्हता, केबलीकडं बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर वाद नव्हता, राग नव्हता. काय होतं ते मला ओळखता आलं. हा माणूस तुम्हाला दोष द्यायला आलाच नव्हता. तो त्याला न दिसलेली पट्टी बघायला आला होता. इतकी वर्षं मी समजत होते की तिकडं बिलोलीत कुणी तुमच्या नावानं खडे फोडतंय, आणि तो तिकडं स्वतःच्याच नावानं फोडत होता.

"नव्हती," मी म्हणाले. मग परत म्हणाले, "पट्टी नव्हतीच, भाऊ. हे बघा. मूळची लाल नळी आहे, तिच्यावर बापूंनी काळी टेप गुंडाळलेली. गाठ त्यांची. मी आत्ता कापली. तुम्हाला दिसण्यासारखं तिथं काही नव्हतं." त्यानं अंगठ्यानं ती लाल नळी चाचपली. बराच वेळ. "पण मिस्त्री तर म्हणले होते..." "खोटं बोलले." बापू, तुमच्याबद्दल हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला, आणि उच्चारून झाल्यावर मी स्टूल ओढलं.

तो गाडीच्या फूटबोर्डावर बसला. हळूहळू बोलायला लागला, माझ्याशी म्हणावं तर माझ्याशी नाही. "आमच्या वडलानं मरेपर्यंत मला ट्रॅक्टरवर बसू दिलं न्हाई. म्हणायचे, तू घाई करतूस, तुला दिसत न्हाई. मग मीबी तसंच धरून चाललो. घरात साधा बल्ब उडाला तर बायको म्हणती तुम्ही राहू द्या. दिवाळीची माळबी पोरं लावतेत. मी लांब उभा राहून बघून राहिलो. मला वाटायचं, बरोबरच हाय त्यांचं." मग म्हणाला, "अक्का त्या दिवशी तशीच जीपमधी बसून गेली, माझं रगत बघून. तिनं मला कधी काही म्हणलं न्हाई. मीच तिच्या घरी जायचं कमी केलं." मी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. आपलंच नाणं खोटं. त्यानं वर बघितलं. "ताई, तुम्ही न सांगताबी जमलं असतं की." मी म्हणाले, हाव, जमलं असतं. तेव्हा त्याला माझ्या बोटावरची लाल पट्टी दिसली. त्यानं ती बघितली, सगळं समजला, आणि तिच्याबद्दल एक शब्द विचारला नाही.

मग आम्ही केबली जोडल्या. मी त्याला गॉगल दिला, दुकानातला, कडेनं बंद असलेला, आणि त्यानं तो निमूट चढवला. पुढं जाणारी केबल मी मायनसला कसली. तुम्ही लग्नात दिलेला तो पितळी होल्डरचा दिवा काढला, ज्याला माझ्या सासरी सगळे हसले होते, आणि प्लसची खुंटी आणि बॉडीची केबल यांच्यामध्ये धरला. पेटला तर आत कुठंतरी वायर वायरीला लागलेली. पेटला नाही. मी त्याला म्हणाले, लावा. त्याचा हात खुंटीजवळ गेला आणि थांबला. कपाळावर घाम आला होता. मी त्याच्या शेजारी उभी होते, माझ्या हातात पाण्याचा भरलेला मग होता, आणि दुकानाबाहेर कुणाची तरी गाडी हॉर्न वाजवत होती, तिला मी मनात शिव्या घातल्या. क्लॅम्प एकदा घसरला. पान्हा खाली पडला, आवाज झाला आणि आम्ही दोघं दचकलो. "राहू द्या का?" तो म्हणाला. मी म्हणाले, "नाही. घाई करू नका. बघा, लाल आहे, दिसतंय ना?" तो म्हणाला, "दिसतंय." आणि क्लॅम्प खुंटीवर बसला. काही झालं नाही. नट त्यानं शेवटपर्यंत स्वतःच कसला. मग मी डायनामोला एकदा मायनसचा चटका दाखवला, म्हणजे त्यानंही दिशा बदलली, आणि स्टार्टर ओढला. गाडी दोनदा खोकली आणि चालू झाली.

मला वाटलं होतं तो हसेल. त्यानं गॉगल काढला, खिशातून मोबाईल काढला आणि बहिणीला लावला. "अक्का, न्हाई, सगळं नीट हाय. मी लावली. ऐक, ती पट्टी नव्हती ना, ती..."  त्यानं फोन माझ्याकडं दिला. म्हणजे आता मला नवरीला सांगायचं होतं. मी म्हणाले, "मिस्त्रींची पोरगी बोलते. चूक तुमच्या भावाची नव्हती. आमच्याकडची होती. खूण झाकलेली होती." तिकडून नुसता टीव्हीचा आवाज येत होता. मग एक म्हातारा, जड आवाज म्हणाला, "त्यानं सकाळपासून काही खाल्लं नसंल. त्याला जेवू घालून पाठवा." मी त्याला घरी नेलं. भाकरी, पातळ पिठलं आणि ठेचा होता. त्यानं पोटभर खाल्लं आणि गाडी घेऊन जायला उद्या पोरगा येईल असं सांगून तो बसस्टँडकडं गेला, ताठ मानेनं म्हणणार नाही मी, मान तिरकीच होती, ती आता सरळ व्हायची नाही.

तुम्ही खरं बोलले असते तर दुकान बुडालं असतं, हे मला कळतं. आपण गावी, हदगावला परत गेलो असतो आणि मी कुणाच्या तरी शेतात कापूस वेचत असते. माझ्या हातातलं हे हुन्नर त्या खोट्यावरच उभं आहे, हेही कळतं. कळतं म्हणून राग जात नाही. तुम्ही त्याला नंतर तरी कधी गाठून सांगायचं होतं. बिलोली काही लांब नव्हती. तुमच्या तोंडावर मी हे कधी बोलले नसते, तुमच्यापुढं माझा आवाजच फुटायचा नाही, म्हणून पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलं. हे कुणाला दाखवणार नाही, माझ्या भावांनाही नाही. उगाच त्यांना कशाला.

एक गोष्ट मात्र सांगते आणि थांबते. दुकान उघडलं की तुमच्या फोटोला उदबत्ती लावून मगच मी पान्ह्याला हात लावते, तुम्ही गेले तेव्हापासून. आज लावली नाही. विसरले नव्हते.